पंगतीतला शेवटचा नोड

स्टोरेज विकणाऱ्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक मोठ्ठा आकडा हमखास असतो. सेकंदाला इतके इतके गिगाबाइट! समोरचे माना डोलावतात, तेवढ्यात चहा येतो. माझं स्पष्ट मत आहे की क्लस्टरची फाइल सिस्टीम निवडताना हा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो.

आधी साधा हिशोब करू. १०० गिगाबिटची नेटवर्क लिंक म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ गिगाबाइट. असल्या एका लिंकवरच्या नोडने ३० गिगाबाइटच्या वेगाने फाइल वाचली असं कुणी दाखवलं, तर ती फाइल नेटवर्कवरून आलेलीच नाही. त्याच नोडने ती मघाशी लिहिली होती आणि ती त्याच्या रॅममध्येच पडून होती. पेज कॅशचा हा खेळ इतका जुना आहे की आयओआर या बेंचमार्कमध्ये (मूळचा अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला) त्यावर खास सोय आहे. कॅपिटल सी हा पर्याय दिला, की एका नोडने लिहिलेलं दुसरा नोड वाचतो. रिपोर्टमध्ये कॅश कशी टाळली हेच लिहिलं नसेल, तर मी पुढचं वाचायचे कष्ट घेत नाही. आणि डीडी चालवून नुसती शून्यं लिहिणाऱ्यांना तर काय म्हणावं! झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल तर त्या शून्यांना डिस्कवर जवळपास जागाच लागत नाही. वेग अर्थातच भन्नाट येतो.

बरं, कॅश टाळली. आता चाचणी कुठली? आयओ५०० नावाची यादी नोव्हेंबर २०१७ पासून निघते. तिच्यात सोप्या आणि अवघड अशा दोन्ही चाचण्या असतात. अवघड चाचणीत सगळ्या नोडवरच्या सगळ्या प्रोसेस एकाच फाइलमध्ये ४७,००८ बाइटचे तुकडे लिहितात. ४,०९६ ने या आकड्याला भाग जात नाही. मग लस्टरसारख्या फाइल सिस्टीमवर नोड एकमेकांच्या लॉकसाठी ताटकळत बसतात. मेटाडेटाच्या अवघड चाचणीत ३,९०१ बाइटच्या ढीगभर फाइली, त्याही एकाच डिरेक्टरीत. हे काही हवेतलं नाही, संशोधकांच्या होम डिरेक्टऱ्या उघडून बघा! यादीतला क्रमांक मात्र या सगळ्यांचा भूमितीय मध्य काढून ठरतो. मी तो एकच आकडा बघत नाही, अवघड चाचण्यांचे रकाने आधी बघतो.

पण माझा खरा राग आहे तो सरासरीवर. समजा, ६४ नोड मिळून चेकपॉइंट लिहितायत. ६३ नोडना २० सेकंद लागले, एकाला ९०. सरासरी येते २१ सेकंद. रिपोर्ट झक्कास दिसतो! प्रत्यक्षात एमपीआयचा जॉब पुढे सरकतो ९० सेकंदांनी, कारण ही पंगत आहे. शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय पुढची पंगत बसत नाही. त्या एका नोडची केबल नीट बसलेली नसते, किंवा त्याच्या वाट्याला आधीच तुडुंब भरलेलं स्टोरेज टार्गेट आलेलं असतं. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही, आणि एकाच नोडवर चाचणी घेतली तर प्रश्नच मिटला.

यात कुणाचं काय जातं? २०१५ साली मंजूर झालेलं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन ४,५०० कोटींचं होतं. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म त्यातलाच. पैसा तुमचा-आमचा, आणि अशा यंत्रांवर जॉब लावून रांगेत बसतात ती पीएचडीची पोरं. ते वाया गेलेले ७० सेकंद दर चेकपॉइंटला ६३ नोड नुसते बसवून ठेवतात, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास नोड-वेळ. एका चेकपॉइंटला!

म्हणून मी विक्रेत्याकडे नोडवार आकडे मागतो, सगळे नोड एकदम चालवून घेतलेले. मागच्या वेळी एकाने "हो सर, पाठवतो" म्हटलं. नंतर मेलमध्ये तीच स्लाइड आली, फक्त फाँट मोठा होता.