ऑन नेक्स्ट संडे

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आई मोजकंच लिहिते, पण इंग्रजीत लिहिते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याची सवय, आणि दुसरं म्हणजे न्यू जर्सीत वाढलेल्या नातवाला देवनागरी भरभर वाचता येत नाही. गेल्या महिन्यात तिने लिहिलं, ‘वुई विल कॉल यू ऑन नेक्स्ट संडे.’ भाच्याचं लगेच उत्तर, ‘आजी, नो ऑन बिफोर नेक्स्ट!’ आणि खाली तीन हसरे चेहरे. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. बाकीचेही हसले. (मीसुद्धा. कबूल!) तेव्हापासून आईकडून ग्रुपवर फक्त जोडलेले हात येतात.

आता भाचा चुकीचं बोलला का? नाही. ‘ऑन संडे’ बरोबर, पण मागे नेक्स्ट, लास्ट, धिस किंवा एव्हरी आला की ‘ऑन’ गळतो. नियम आहे खरा. पण आईचा ‘ऑन’ आला कुठून? सरळ मराठीतून. आपण ‘पुढच्या रविवारी’, ‘दर रविवारी’ म्हणतो तेव्हा रविवारचा ‘ई’ काही सोडत नाही. मराठीत विचार करणारा माणूस त्या ‘ई’च्या जागी ‘ऑन’ ठेवतो, इतकंच.

आणि गंमत म्हणजे इंग्रजांचं तरी आपसात कुठे जुळतं? इंग्लंडात ‘अ‍ॅट द वीकेंड’, तर अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’. अमेरिकेतली वर्तमानपत्रं तर नुसत्या वारामागचाही ‘ऑन’ बिनधास्त गाळतात. कोर्टाने ‘मंडे’ निकाल दिला, झालं! आईने एक ‘ऑन’ जास्त घातला, त्यांनी एक कमी घातला. हिशेब बरोबर.

आपलं तरी काय वेगळं आहे म्हणा. सोमवारी, पंधरा तारखेला, मार्चमध्ये, 2010 साली, पाच वाजता. वेळ सांगायच्या पाच तऱ्हा, आणि कुठे काय लावायचं ते फक्त कानाला ठाऊक. भाचा फोनवर म्हणतो, ‘आम्ही मार्चला येतो, पंधरा तारखेत.’ तेव्हा आम्ही सगळे काय म्हणतो? ‘अगंबाई, किती गोड बोलतो मराठी!’ त्याची चूक गोड आणि आजीची चूक हसण्यावारी. हे कुठलं व्याकरण?

असो. मला म्हणायचं आहे ते याच्या पुढचं. वेळेच्या शब्दांतल्या चुका दोन जातीच्या असतात. एक, ज्यांनी कुणाचंच काही बिघडत नाही. ‘ऑन नेक्स्ट संडे’ वाचून कुणीही सोमवारी फोनची वाट बघत बसणार नाही. दुसरी, ज्यांनी गाडी चुकते. त्यातली एक मी स्वतः केली आहे. 2011 साली एका परदेशी ग्राहकाला मी ईमेल केली, ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह बाय फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत रजेवर आहे. आपलं ‘पर्यंत’ मोठं सोशिक. ‘शुक्रवारपर्यंत पैसे भर’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच राहा’, दोन्ही कामं एकटं करतं. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ आणि दुसऱ्याला ‘अन्टिल’. त्या भल्या माणसाने समजून घेतलं की माझी रजा शुक्रवारच्या सुमाराला सुरू होणार. सोमवार ते गुरुवार तो उत्तराची वाट बघत बसला आणि मी कोकणात आंबे खात होते! परत आल्यावर साहेबांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कधी गोंधळ उलट्या बाजूनेही होतो. आपण ‘दोन दिवस’, ‘दोन दिवसांत’, ‘दोन दिवसांनी’ असं स्वच्छ वेगळं बोलतो. इंग्रजीत ‘इन टू डेज’ काम संपवतो म्हटलं तर ‘दोन दिवसांत’, आणि ‘इन टू डेज’ परत येतो म्हटलं तर ‘दोन दिवसांनी’. अशा ठिकाणी मी आता सरळ वार आणि तारीख लिहिते. शहाणपण नाही हो, ठेच लागलेली आहे.

आणि आपण करतो काय? पहिल्या जातीच्या चुकांवर हसतो, कारण त्या चटकन दिसतात. दुसऱ्या जातीच्या कुणी दाखवतच नाही, कारण वाक्य दिसायला ठीक असतं. माझं ते ‘बाय फ्रायडे’ कुणाला खटकलं नव्हतं, मलाही नाही. मुलांना शिकवायचंच असेल तर ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ आधी शिकवा. नेक्स्टच्या मागचा ‘ऑन’ राहिला तर राहू द्या.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘मावशी, मी आजीला रविवारला फोन करतो.’

रविवारला तर रविवारला. मी काही सुधारलं नाही.