संडासाच्या टाकीचा उपसा : केव्हा, कोणी आणि कोठे?

खेडोपाडी घरोघर संडास झाले, ही गेल्या दहा-बारा वर्षांतील मोठीच गोष्ट होय. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने या कामास वेग आला. परंतु संडास बांधला म्हणजे काम संपले, ही समजूत बरोबर नाही. विहिरीचा गाळ वेळोवेळी काढावा लागतो हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तोच शेतकरी सेप्टिक टाकी मात्र जन्मभर भरणार नाही अशी बांधण्याच्या खटपटीस लागतो, आणि गवंडीही त्याला तसे आश्वासन देतो. पुढे झाकणावर कोबा होतो, त्यावर फरशी बसते, आणि टाकी नेमकी कोठे आहे हे सांगण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यास बोलवावे लागते.

वस्तुतः टाकीचे काम साधे आहे. जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, हलका भाग वर सायीसारखा तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. हवेवाचून जगणारे जंतू गाळाचा काही भाग कुजवून कमी करतात, सगळा नव्हे. उरलेला गाळ वर्षानुवर्षे चढत जातो. गाळ व साय यांनी टाकीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापला की मैला पाण्याबरोबर पुढे वाहू लागतो, शोषखड्ड्याभोवतीची माती बुजते, आणि घाण पाणी ओढ्याला मिळते किंवा कातळाच्या भेगांतून विहिरीत उतरते. घरात दुर्गंधी येत नाही एवढ्यावरून टाकी ठीक आहे असे मानू नये. टाकी मोठी बांधल्याने उपसा टळत नाही, लांबतो इतकेच. आणि फार वर्षे राहिलेला गाळ इतका घट्ट होतो की यंत्राच्या नळीने तो ओढला जात नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा टाकी उपसावी. गाळ किती चढला हे पाहावयाचे झाल्यास लांब बांबूस पांढरे फडके गुंडाळून तो तळापर्यंत उभा धरावा. काही मिनिटांनी वर काढल्यावर फडक्यावरील काळा पट्टा गाळाची उंची दाखवितो. हे काम बाहेरूनच करावे. उघड्या टाकीजवळ विडी-काडी पेटवू नये, वाकून आत डोकावू नये.

उपसा कोणी करावा, याविषयी मात्र दुमत असू शकत नाही. तो यंत्रानेच व्हावा. टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकास वासच कळेनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एकाच टाकीत दोघा-तिघांचे प्राण जातात ते याच रीतीने. कोणी पडल्यास मागोमाग उडी न घालता अग्निशमन दलास बोलवावे. शंभर-दोनशे रुपये वाचविण्यासाठी गरजू मजुरास टाकीत उतरविणे हा गुन्हाही आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून असे काम करविण्यास बंदी असून पहिल्या गुन्ह्यासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गटार वा टाकी साफ करताना मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हे काम बहुतेक एकाच समाजाच्या माणसांच्या वाट्यास येते, याची लाज गावाने बाळगावयास हवी.

टँकर बोलावताना शेतकरी फक्त दर विचारतो. त्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत : टाकीचे सगळे कप्पे उपसणार काय, आणि गाळ कोठे नेऊन टाकणार? दुसऱ्या प्रश्नास उत्तर न देणारा टँकर रात्री कोणत्या तरी ओढ्याकाठी रिकामा होतो. काही शेतकरी तर खत म्हणून तो आपल्याच शेतात सोडावयास सांगतात. सोनखताची महती खरी, पण ती कुजून मुरलेल्या खताची. टाकीतला ताजा गाळ तसा नसतो. त्यात जंतांची अंडी असतात, ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि मेथी-कोथिंबिरीबरोबर बाजारात व अनवाणी निंदणी करणाऱ्या बाईच्या पायापर्यंत पोचतात.

ज्याला अजून संडास बांधावयाचा आहे व ज्याची जमीन पाणी शोषणारी आहे, त्याने दोन खड्ड्यांचा संडास पत्करावा हे उत्तम. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात वळवावा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे स्वस्थ राहिल्यावर त्यात काळसर, बिनवासाचे खत मिळते. मैल्याचे खत करून सफाईकामास प्रतिष्ठा द्यावी, यासाठी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वेचले. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही.

टाकी ज्यांच्याकडे आहेच, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने पुढे झाले पाहिजे. वाई व सिन्नर या नगरपालिकांनी तीन वर्षांच्या फेरीने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत घातली. तेथे तुंबण्याची वाट न पाहता वारीप्रमाणे गाडी येते, खर्च करातून भागतो आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. एकट्या खेड्यास गाडी परवडणार नाही; पण पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून जवळच्या शहराच्या केंद्राशी करार केल्यास ते अवघड नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण मैलागाळाचे व्यवस्थापन समाविष्ट केले गेले, ते याचसाठी.

आरंभ एका वहीने करता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्याने घरवार टाकीचे ठिकाण, कप्पे, शेवटच्या उपशाची तारीख आणि गाडीची नळी तेथवर पोचते की नाही, एवढेच टिपावे. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे होतात व जमिनीतील पाणी वर येते. तेव्हा फेरी माघ ते वैशाखाच्या दरम्यान लावावी, आणि फरशीखाली गेलेली झाकणे त्यापूर्वी मोकळी करून घ्यावीत.