छेदाआधीची दोन मिनिटे

‘डोके टेकलेले असताना विचारत बसायला वेळ कुठे असतो?’ एपिसिओटॉमीसाठी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी योनीमुखाशी द्यायच्या छेदासाठी, संमती घेण्याचा विषय निघाला की हे उत्तर हमखास येते. निवासी डॉक्टर देतात, वर्षानुवर्षे नर्सिंग होम चालवलेले ज्येष्ठ देतात, प्रसूतिकक्षातल्या सिस्टरही देतात. अडचण खरी आहे, म्हणून तिला नेमके उत्तर द्यायला हवे.

प्रसूतीतील गुंतागुंतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जी मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्यात या छेदाची कृती पायरीपायरीने दिलेली आहे. बधिर करणारे लिग्नोकेन टोचून झाले की दोन मिनिटे थांबा. मग छेदाच्या जागी चिमट्याने चिमटा घेऊन पाहा. बाईला तो कळला तर आणखी दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा पाहा. औषधाला परिणाम करायला वेळ मिळावा म्हणून ते लवकर टोचा, असेही तिथे म्हटले आहे. थोडक्यात, नीट बधिर करून छेद देणाऱ्या प्रत्येकाकडे किमान दोन मिनिटे असतातच. एवढ्या वेळात बाईला एक वाक्य सांगून तिचा होकार विचारता येतो. ज्याच्याकडे ही दोन मिनिटेही नाहीत, तो बधिर न झालेल्या जागेवर कात्री चालवतो आहे. वेळ नसल्याची सबब खरी मानली, तर बिनसंमतीच्या छेदाबरोबर बिनभुलीचा छेदही कबूल करावा लागतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे या संपादकीयाचे म्हणणे आहे.

‘कळ शिगेला पोहोचलेली असताना कापले तर समजत नाही’ हे वाक्य एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिले आहे. ज्यांच्यावर कात्री चालली त्यांना विचारून पाहावे. बाळंतपणाच्या कळा विसरलेल्या बायकाही तो ‘कट’ विसरत नाहीत, आणि त्यानंतरचे टाके तर अजिबात नाही. टाके घेताना बाळ बाहेर आलेले असते, कळा थांबलेल्या असतात, घाई संपलेली असते. तेव्हा तर सबबच उरत नाही. तरीही ‘दोनच टाके राहिलेत, सहन कर’ हे आपल्या कक्षांत रोज बोलले जाते. आधी टोचलेल्या औषधाचा अंमल वार पडेपर्यंत उतरला असेल तर पुन्हा टोचायला हवे, आणि टाका घालण्याआधी पुन्हा चिमटा घेऊन पाहायला हवे.

औषध पुरत नाही अशीही तक्रार असते, त्याचा हिशेब साधा आहे. किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर ५० किलो वजनाच्या बाईला १५० मिलिग्रॅम चालते. आपल्याकडे सहसा २ टक्क्यांची कुपी हाताशी असते. तिचे हे साडेसात मिलिलिटर होतात. तेच सलाईन मिसळून १ टक्क्याचे केले तर १५ मिलिलिटर मिळतात. छेदाला आणि टाक्यांना मिळून बहुधा तेवढे पुरते, फक्त आधी टोचलेले मोजून ठेवायचे. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पाहणे आलेच.

आता मुळात छेद किती जणींना लागतो, याकडे येऊ. भारतातल्या १८ मोठ्या रुग्णालयांमधल्या सुमारे १ लाख २० हजार योनीमार्गी प्रसूतींची पाहणी २०१६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ६३.४ टक्के बायकांना छेद दिला गेला होता. पहिलटकरणींना तो मिळण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट होती. म्हणजे पहिलटकरीण असणे हेच छेदाचे कारण झाले होते. याच्या उलट पुरावा त्याआधी दोन तपांपूर्वीच आला होता. अर्जेंटिनात २,६०६ बायकांवर झालेली चाचणी १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सरसकट छेदाच्या गटात ८३ टक्के आणि गरजेपुरत्या छेदाच्या गटात ३० टक्के बायकांना छेद मिळाला. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या मोठ्या जखमा पहिल्या गटात १.५ टक्के आणि दुसऱ्यात १.२ टक्के होत्या. छेद वाचवल्याने पुढच्या बाजूला लहान चिरा थोड्या जास्त पडल्या, पण दुखणे, जखम उकलणे, टाक्यांची गरज हे सगळे कमी झाले. सरसकट छेदाचा प्रघात शिकागोच्या जोसेफ डीली यांनी १९२० साली मांडलेल्या शिफारशीतून रुजला होता, आणि तिच्यामागे अशी एकही चाचणी नव्हती. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपोआप होणाऱ्या योनीमार्गी प्रसूतीत नेहमीचा किंवा सढळ छेद देऊ नये, अशी स्पष्ट शिफारस केली.

‘आपल्या बायकांचे पेरिनियम (योनीमुख आणि गुदद्वार यांमधला भाग) आखूड, परदेशी आकडे इथे लावू नका’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ब्रिटनमधल्या नोंदींत आशियाई वंशाच्या बायकांना मोठ्या जखमांचा धोका जास्त दिसतो, हे खरे आहे. त्यावरून निष्कर्ष निघतो तो हात अधिक सावध ठेवण्याचा. कोमट पाण्याचा पट्टा पेरिनियमवर धरणे, डोके येताना जोर थांबवून फुंकर घालायला सांगणे, एका हाताने डोक्याची गती आवरून दुसऱ्याने पेरिनियमला आधार देणे, हे सगळे बिनखर्चाचे आहे. फोर्सेप्स किंवा व्हॅक्यूम लावताना छेदाचा विचार जास्त उदारपणे करावा, हेही मान्य. पण द्यायचाच तर कोन सांभाळावा. पेरिनियम ताणलेले असताना मध्यरेषेपासून ६० अंशांवर कापले तर टाके घेतल्यावर तो साधारण ४५ अंशांचा राहतो. डोळ्यांना ४५ वाटले म्हणून कापलेला छेद टाक्यांनंतर मध्यरेषेकडे सरकलेला आढळतो, आणि ज्या स्नायूला वाचवायला कात्री उचलली त्याच्याच जवळ जातो. कनिष्ठांना कोन अंदाजाने शिकवण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

संमतीचा खरा प्रारंभ सातव्या महिन्यात व्हायचा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी असो की मुलुंड, त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर गरोदर बायका तासन्‌तास बसलेल्या असतात. त्या वेळात एका सिस्टरने दहा जणींना एकत्र सांगितले, की कधी कधी खाली छोटा छेद द्यावा लागतो, तो का, बधिर कसे करतात, टाके किती दिवसांत विरघळतात, तर निम्मे काम तिथेच होते. घाटकोपरच्या रांगेत मराठीबरोबर गुजराती, भोजपुरी, तेलुगू बोलणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासमोर इंग्रजी छापील अर्ज सरकवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. सांगताना नातेवाईकही असू द्यावेत, पण होकार तिचाच.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने शंका ठेवलेली नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल १६ जानेवारी २००८ रोजी लागला. रुग्ण दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते. न्यायालयाने म्हटले, की रुग्ण सज्ञान आहे, तिला विचारता आले असते, जिवाला तातडीचा धोका नव्हता. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, आणि तपासणीसाठीचा होकार शस्त्रक्रियेला पुरत नाही. प्रसूतिकक्षाच्या दारात सासूची किंवा नवऱ्याची सही घेऊन निश्चिंत होणाऱ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा. दाखल होताना ‘सर्व उपचारांस संमती’ अशा ओळीवर घेतलेल्या सहीचीही तीच गत आहे.

मग ऐन वेळी बोलायचे काय? दोन कळांच्या मधल्या उसंतीत, तिच्या तोंडाकडे पाहून: ‘ताई, बाळाचं डोकं आलंय, पण वाट पुरत नाहीये, बाळाचे ठोके मंदावतायत. जागा बधिर करून छोटा छेद द्यावा असं मला वाटतं. देऊ का?’ बहुतेक बायका हो म्हणतात. कुणी नाही म्हणाली तर कारण पुन्हा सांगावे, तरीही नाहीच म्हणाली तर तो नकार कागदावर लिहावा आणि हाताने पेरिनियम सांभाळावे. तिच्यावर ओरडू नये, ‘मग बाळाला काही झालं तर आम्हाला सांगू नका’ हे तर मुळीच म्हणू नये. ठोके एकदम खाली गेले आणि थांबण्याइतका अवधीच नाही, अशी वेळ कधीतरी येते. तेव्हाही काय करतो आहोत ते करता करता सांगता येते, आणि नंतर खाटेपाशी जाऊन सविस्तर सांगायला हवे.

मुंबईतल्या दोन रुग्णालयांतल्या प्रसूतिसेवेवर नेहा मढीवाला आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ साली ‘रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ मॅटर्स’मध्ये आला. अनादर आणि गैरवर्तन त्यांनी संस्थेच्या कार्यसंस्कृतीत शोधले, एखाद्या वाईट डॉक्टरच्या स्वभावात नव्हे. मला ही दिशा बरोबर वाटते. मुंबईच्या राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात रात्री एकामागून एक बायका येत असताना जो निवासी डॉक्टर उभा आहे, त्याला वरिष्ठांनी कधी चिमटा घेऊन पाहायला शिकवले का, हा प्रश्न आधी वरिष्ठांना आहे. खासगी नर्सिंग होममध्ये गर्दीची सबब नाही. तिथे सवय हे कारण आहे, आणि सवय एका माणसाच्या निश्चयाने बदलू शकते. एक उपाय लगेच करण्यासारखा आहे. प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत ‘आरएमएलई’ (उजव्या बाजूचा तिरका छेद) एवढी चार इंग्रजी अक्षरे लिहून आपण मोकळे होतो. त्याऐवजी चार रकाने हवेत: छेदाचे कारण, लिग्नोकेन टोचल्याची वेळ, छेदाची वेळ, कुणी विचारले आणि बाई काय म्हणाली. दोन वेळांमधले अंतर शून्य दिसू लागले की विभागप्रमुखांना वेगळ्या पाहणीची गरज उरणार नाही. ‘प्रायमी’ (पहिलटकरीण) हा शब्द कारणाच्या रकान्यात आला तर तो खोडून परत द्यावा.

टाके घेतल्यानंतरची बाई आपल्या नजरेआड जाते. तिची व्यथा तिथून पुढे सुरू होते. साध्या प्रसूतीनंतर ४८ तासांत घरी पाठवले की ती कुठे जाते? मुंबईच्या मेट्रोतून रंगीबेरंगी दिसणारी असल्फाची टेकडी घ्या. तिथल्या अनेक घरांकडे पायऱ्या चढून जावे लागते, शौचालय सार्वजनिक असते, तिथे उकिडवे बसावे लागते, रांग असते. त्या बाईला आपण छापील कागदावर ‘कोमट पाण्याच्या टबात बसा’ असे लिहून देतो. टब ठेवायला जागा कुठे आहे? तिला सांगायला हवे, की मगभर कोमट पाणी पुढून मागे ओतून धुवा, पॅड वरचेवर बदला, पहिल्या दिवसात फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरा, कुशीवर झोपून पाजा. पॅरासिटामॉल ठरावीक वेळांनी द्यावे, दुखेल तेव्हा मागण्याची वाट पाहू नये. साध्या छेदासाठी आठवडाभर प्रतिजैविके देण्याची सवय सोडावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच त्याला नकार दिला आहे.

घरच्या रीतींशी भांडण न करता त्यांतले एक-दोन धोके सांगावेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे ही समजूत अजून घट्ट आहे. वर डिंकाचे लाडू, सुका मेवा, तुपाचे जेवण. मग बद्धकोष्ठ होते, जोर करावा लागतो, टाके ओढतात, आणि भीतीने बाई शौचाला जाणेच टाळते. आळीवाची खीर खुशाल खावी, पण पाणी भरपूर प्यावे आणि गरज पडली तर इसबगोल घ्यावे, हे सासूला समोर बसवून सांगितले की ऐकले जाते. शेगडीची धग टाक्यांवर घेऊ नये, हेही सांगावे. आणि पहिल्या चोवीस तासांत दुखणे वाढतच चालले, लघवी अडली, गुदद्वारावर दाब वाटू लागला, तर वेदनाशामक वाढवून चालणार नाही. तपासून रक्ताची गाठ नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की दोन गावांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक आजार होते आणि त्याआधी तपासणी जेमतेम ८ टक्क्यांची झाली होती. उपनगरात दवाखाना जिन्याखालीच असतो, तरी ‘तिथलं’ दुखणे बाई आपणहून सांगत नाही. वायू रोखता येत नाही हे ती आईलाही सांगत नाही. संबंध दुखतात हे नवऱ्यालाही धड सांगत नाही. मात्र दीड महिन्याची लस द्यायला ती बाळाला घेऊन येतेच येते. त्या दिवशी बाळाचे वजन होते, कार्डावर शिक्का पडतो, आणि आईकडे कुणी पाहत नाही. लसीच्या टेबलाशेजारी पडदा लावून एका सिस्टरला बसवा. बसताना दुखते का, टाके भरले का, लघवी आणि शौच रोखता येते का, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते का, छेद देताना तुम्हाला विचारले होते का: हे पाच प्रश्न पुरेत. ज्यांची उत्तरे काळजीची असतील त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोग ओपीडीत पाठवा, पुन्हा नवा केसपेपर काढायला लावू नका. पाचव्या प्रश्नाची उत्तरे दर महिन्याला प्रसूतिकक्षाच्या बैठकीत वाचून दाखवावीत.