गडावरचं शेवाळ गडावरच राहू दे!

सुरुवात गुन्हा कबूल करूनच करतो. सेकंड इयरला असताना जुलैतल्या एका रविवारी आम्ही पाच जण लोणावळ्याजवळच्या एका गडावर गेलो होतो. धो धो पाऊस, धुकं, वाटेत गरमागरम भजी, सगळं साग्रसंगीत. उतरताना तटबंदीच्या दगडांवर मखमलीसारखं हिरवंगार शेवाळ दिसलं. तेव्हा माझ्या डोक्यात फिश टँकचं खूळ शिरलेलं. रील्समध्ये दिसतं तसं पाण्याखालचं जंगल हॉस्टेलच्या टेबलावर फुकटात उभं करायचं, एवढाच विचार केला. खिशातल्या एटीएम कार्डाने शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा खरवडला आणि डब्यात भरला.

पहिले चार दिवस टँक एकदम भारी दिसला. दहाव्या दिवशी शेवाळाच्या कडा तपकिरी झाल्या. मग ते बुळबुळीत झालं, पाण्याला वास यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात सहापैकी चार गप्पी मासे गेले. कुजलेल्या वनस्पतीतून पाण्यात अमोनिया वाढतो आणि छोट्या टाकीत तो माशांना झेपत नाही, हे नंतर कळलं. मासे विकणाऱ्या काकांनी माझी कहाणी ऐकून विचारलं, ‘‘तुला पावसात भिजायला आवडतं ना? म्हणून विहिरीच्या तळाशी राहायला जाशील का?’’

गोची आपल्या भाषेपासूनच सुरू होते. बाथरूमच्या फरशीवर पाय घसरतो तेही शेवाळ, विहिरीतलं हिरवं तवंगही शेवाळ आणि गडाच्या दगडावरचं मखमलही शेवाळच! विज्ञानात मात्र ही वेगवेगळी मंडळी आहेत. टाकीच्या काचेवर चढतं ते अल्गी. दगडावरचं ते मॉस. त्याला बारीक पानं असतात, पण खरी मुळं नसतात. शाळेत ब्रायोफायटा म्हणून पाठ केलेला, ‘वनस्पतिसृष्टीतले उभयचर’ असं बिरुद मिरवणारा गट तो हाच. उभयचर असले तरी सगळेच कायम पाण्याखाली राहू शकत नाहीत. बेडकासारखा पाण्यात राहू शकणारा वेगळा आणि फक्त ओलाव्यावर जगणारा वेगळा.

माझ्या खिशाला या प्रकरणात फार चाट बसली नाही. पण त्या दगडाचं काय? मॉस उघड्या कातळावर सगळ्यात आधी वस्ती करणाऱ्यांपैकी एक. पाणी धरून ठेवतं, धूळमाती अडवतं. त्या बोटभर मातीत पुढे नेचे, गवत, रानफुलं रुजतात. किडे, गोगलगायी, छोटे बेडूक तिथे आसरा घेतात. म्हणजे मी उचलला तो शोभेचा गालिचा नव्हता, कुणाच्या तरी घराचा पाया होता. तो तयार व्हायला कैक पावसाळे जातात. मला खरवडायला दोन मिनिटं लागली.

‘एका मुठीने काय होतंय?’ हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. पण पावसाळ्यातल्या रविवारी गडांवर किती गर्दी असते, ते आपण सगळेच बघतो. प्रत्येकाने एकेक मूठ उचलली तर? आपण ट्रेकला प्लास्टिक गोळा करून आणतो, गडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालतो. मग निसर्गाच्या प्रेमापोटी निसर्गच डब्यात भरून नेणं कसं चालतं?

बरं, त्याची गरजही नाही. पाण्यात वर्षानुवर्षं आनंदाने राहणारं जावा मॉस मासे-टाक्यांच्या दुकानात सहज मिळतं. मूठभर घेतलं तरी पुरतं, कारण त्याचा छोटा तुकडाही नव्याने वाढतो. ते मातीत पुरायचं नाही. दगडावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर पातळ थर पसरायचा आणि शिवणाच्या सुती दोऱ्याने गुंडाळायचं. जाड गोळा बांधला तर खालच्या थराला उजेड मिळत नाही आणि तो कुजतो. साधा एलईडी दिवसाला सहा ते आठ तास बास. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवलीत तर मॉसआधी अल्गीच फोफावेल. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पण नळाचं पाणी थेट ओतू नका, आधी क्लोरीन घालवा. केसांसारखी अल्गी गुंतलीच तर जुन्या टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढा. आणि आपल्याकडचा मे महिना! पाणी तिशीच्या वर गेलं की मॉस मान टाकतं. पाण्यावर छोटा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

महागडं सामान लागतंच, हाही रील्सने करून दिलेला समज. ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ ही शैली जगभर नेणारे जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी कार्बन डायऑक्साइडची उपकरणं वापरली, मोठमोठ्या टाक्या सजवल्या, हे खरं. पण आपण शाळेत जिची फक्त आकृती काढली, त्या रिक्सियाला दगडावर बांधून पाण्याखाली हिरवळ फुलवण्याची युक्तीही त्यांनीच लोकप्रिय केली. दगड, दोरा आणि निरीक्षण. जावा मॉसला तर कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही लागत नाही.

कुणी म्हणेल, दुकानातलं मॉस तरी कुठून आलं? रास्त प्रश्न आहे. पण ते टाकीतच वाढतं, हाच मोठा फरक. दोन-तीन महिन्यांत ते इतकं पसरतं की कापावंच लागतं. ती कात्रण मित्राला द्या, ज्युनियरला द्या, कॉलेजच्या बॉटनी लॅबला द्या. माझ्या टाकीतलं मॉस आज आमच्या हॉस्टेलच्या चार खोल्यांत आहे. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी डोंगर खरवडला नाही.

फक्त जास्तीचं मॉस, गोगलगायी किंवा नकोसे मासे ओढ्यात, तळ्यात सोडू नका. आपल्या नद्यांचा गळा आवळणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. तिच्या सुंदर फुलांवर भाळूनच माणसाने ती जगभर नेली. कात्रण उन्हात वाळवून कुंडीत टाका, विषय संपला.

दिवाळीत आपण किल्ला बांधतो, तेव्हा त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतो. रोज पाणी शिंपडतो, कोंब कधी वर येतात म्हणून सकाळी उठून बघतो. किल्ला हिरवा करायला डोंगर सोलून आणायचं लहानपणी आपल्या मनातही येत नव्हतं. टाकीच्या बाबतीतही तेवढंच करायचंय.

गेल्या पावसाळ्यात त्याच गडावर पुन्हा गेलो होतो. तो दगड सापडला. आजूबाजूला हिरवंगार आणि मधे तळहाताएवढी काळी, उघडी जागा. दोन पावसाळे उलटले तरी ती अजून भरलेली नाही.