अनोळखी साथ

एखादा गवई आपल्या नेहमींच्या साथीदारांवांचून परगांवीं गावयास बसला आणि मैफल जमली नाहीं, तर लोकांचा निकाल बहुधा दोहोंपैकीं एक असतो. गवयाचे चाहते म्हणतात, तबलजीनें घात केला. तबलजीचे स्नेही म्हणतात, गवयासच गातां येत नव्हतें. एका परदेशी ध्वनिमुद्रिकेविषयीं साठांहून अधिक वर्षें असेच दोन निकाल ऐकूं येत आहेत. आमच्या मतें ते दोन्ही उतावळे आहेत, आणि ते कां उतावळे आहेत हें समजून घेणें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस उपयोगी पडेल.

ही ध्वनिमुद्रिका आल्बर्ट आयलर या कृष्णवर्णी अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची. तिचें नांव ‘माय नेम इज आल्बर्ट आयलर’. आयलर यांचा जन्म १९३६ सालीं क्लीव्हलंड शहरीं झाला. त्यांचे वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवीत, आणि लहानपणीं आयलर यांनीं वडिलांबरोबर चर्चमध्यें वाजविलें होतें. पुढें सैन्यांत असतां तेथील बँडमध्यें ते वाजवीत. १९६२ सालीं ते स्वीडनमध्यें आले, आणि १४ जानेवारी १९६३ रोजीं डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरीं रेडिओसाठीं हें वादन मुद्रित झालें.

जॅझ संगीतांत साथीची रीत काय आहे, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्रथम एखादें सर्वांच्या ओळखीचें गाणें वाजवितात, आणि मग त्याच गाण्याच्या स्वरसमूहांच्या क्रमावर वादक आपली नवी रचना तेथल्या तेथें करीत जातो. तो क्रम आणि ती लय सांभाळण्याचें काम पियानो, बास नांवाचें उभें मोठें तंतुवाद्य व ड्रम यांकडे असतें. आपल्याकडे ठेका चालू असतां गवई दूर जाऊन समेवर परत येतो, तसाच कांहींसा हा प्रकार. आयलर यांस मात्र परत येण्याचें हें बंधन नकोसें झालें होतें. हुंदका, आरोळी, घोगरा आवाज, स्वराचें थरथरणें, हीं सारीं त्यांस संगीताचींच अंगें वाटत. ह्या मार्गास पुढें ‘फ्री जॅझ’ हें नांव रूढ झालें.

त्या दिवशीं त्यांस मिळालेले साथीदार त्या मार्गाचे नव्हते. बासवर नील्स-हेनिंग अर्स्टेड पेडरसन होते. चर्चमधील ऑर्गनवादकाच्या पोटीं जन्मलेल्या ह्या मुलाचें वय त्या वेळीं अवघें सोळा वर्षांचें होतें! ड्रमवर रॉनी गार्डिनर व पियानोवर एक डॅनिश वादक होते. गाणीं निवडलीं तींही बहुतेक सर्वांच्या परिचयाचीं. ‘बाय बाय ब्लॅकबर्ड’ किंवा चार्ली पार्कर यांचें ‘बिलीज बाउन्स’ ऐकतांना, पियानो सभ्यपणें आपली वाट चालत आहे आणि सॅक्सोफोन कुंपणें ओलांडून रानांत शिरत आहे, असा भास होतो. एकाचें बोलणें दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं असें वाटतें. हा दोष आहे, आणि तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

परंतु तेवढ्यावरून आयलर यांस वाजवितां येत नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तरुणपणीं क्लीव्हलंडमध्यें लोक त्यांस ‘लिटल बर्ड’ म्हणत. ‘बर्ड’ हें चार्ली पार्कर यांचें टोपणनांव. तेव्हां पार्कर यांची अवघड रीत ह्या मुलानें चांगली आत्मसात केली होती, असाच त्याचा अर्थ. जें येत होतें तें त्यांनीं समजून उमजून सोडलें. साथीदारांस दोष देणारेही चुकतात. त्या सोळा वर्षांच्या मुलास पुढें काउंट बेसी यांच्या नामांकित वाद्यवृंदाचें बोलावणें आलें आणि केवळ लहान वयामुळें तें त्यास स्वीकारतां आलें नाहीं. पुढें त्यानें ऑस्कर पीटरसन यांस अनेक वर्षें साथ केली. ह्या मंडळींच्या हातीं ओळखीचीं गाणीं दिलीं होतीं, आणि तीं त्यांनीं इमानानें सांभाळलीं. त्यांनींही वाट सोडली असती, तर आयलर किती दूर गेले हें ऐकणारास कळलें तरी असतें काय?

शिवाय ‘समरटाइम’ हें गाणें ऐकावें. गर्श्विन यांच्या १९३५ सालच्या संगीत नाटकांतील ही अंगाईची चाल. साथीदार तेच, सॅक्सोफोनवादकही तोच. पण लय संथ आहे, आणि संथ लयींत एकमेकांस ऐकावयास सवड मिळते. सॅक्सोफोन जणूं रडत असतो, आणि मागें ते तिघे हलक्या हातानें त्यास आधार देत असतात. कोणींही आपली रीत सोडलेली नाहीं, तरी अनोळखी माणसें येथें खरोखर भेटलीं आहेत.

दीड वर्षानें, जुलै १९६४ मध्यें, न्यूयॉर्क येथें आयलर यांस गॅरी पीकॉक व सनी मरे हे मनाजोगते साथीदार लाभले. ठराविक ठोक्याचें बंधन त्यांसही नको होतें. त्या वेळची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ही ध्वनिमुद्रिका अधिक एकजीव आहे, हें आम्हांसही मान्य आहे. पण नोव्हेंबर १९७० मध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, आयलर यांचा अंत झाला. कोपनहेगनच्या त्या दिवसानंतर त्यांच्या हातीं आठ वर्षेंही उरलीं नव्हतीं. मनासारखे सोबती मिळेपर्यंत वाद्य पेटींत ठेवून देणें त्यांस परवडलें नसतें.

विद्यार्थीमित्रहो, नाटकाच्या वेळीं किंवा गायनाच्या चढाओढींत ‘आम्हांस आमचेच सोबती द्या’ असा तुमचा हट्ट असतो, आणि बक्षीस हुकलें कीं ‘सोबत्यांमुळें माझ्या मुलाचें नुकसान झालें’ असें पालक आम्हांस येऊन सांगतात. पण दोष एकट्या तुमचाच आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गायनाच्या वर्गांत ज्याचा स्वर इतरांशीं जुळत नाहीं अशा मुलास मागच्या रांगेंत उभें करून हळू गाण्यास आम्हींही अनेकदां सांगितलें आहे. त्यानें धडा शिकलाच नाहीं कीं धडा शिकून तो पुढें कांहीं शोधीत आहे, हें विचारून पाहण्याची तसदी आम्हीं फारच थोड्या वेळां घेतली. ज्यानें धडाच केला नाहीं त्याची गय करूं नये, हें मत आम्ही सोडलेलें नाहीं. मात्र यापुढें मागच्या रांगेंत पाठविण्यापूर्वीं त्या मुलाकडून तीच चाल एकदां संथ लयींत म्हणवून घेण्याचा आमचा विचार आहे, आणि त्या वेळीं शेजारच्या मुलांनीं आपला स्वर न सोडतां त्याचें ऐकावें, अशी त्यांस आमची विनंती आहे.