दाणा फिल्मचा, दोष कुणाचा?

मागच्या वर्षी आमच्या आठवीतल्या एका मुलीनं खुशखत स्पर्धेसाठी बोरूनं एक पान लिहिलं. हातकागदावर, नस्तालीक वळणात. स्पर्धा ऑनलाइन होती आणि फाइल दोनशे केबीच्या आत हवी, अशी अट होती. मी पान स्कॅन केलं, दाबून दाबून त्या मापात बसवलं आणि पाठवलं. उत्तर आलं, अक्षर अस्पष्ट. पान तर माझ्यासमोर टेबलावर होतं, अगदी स्वच्छ! कागदाचा खरखरीतपणा फाइलमध्ये चौकोनी ठिपके होऊन अक्षरांवर बसला होता. पोरगी मात्र समजते की तिचाच हात खराब आहे.

यावरून बीबीसीचा एक जुना नियम आठवला. २००६ नंतर तिथं एचडी प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा सुपर १६ फिल्मवर चित्रित केलेल्या मालिकांना एचडी म्हणून घ्यायचं नाही असं ठरलं. ब्रिटनमधल्या कितीतरी मालिका तोवर याच फिल्मवर होत असत. रीळ १६ मिलिमीटर रुंद. एका बाजूची भोकं काढून फ्रेम तिथपर्यंत वाढवलेली, साधारण १२.५ बाय ७.४ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरपेक्षा स्वस्त, कॅमेरा खांद्यावर घेऊन पळता येईल इतका हलका, आणि चौकटीचा आकार रुंद टीव्हीच्या जवळ जाणारा.

मग अडलं कुठं? दाण्यावर. फिल्मवरचे चांदीच्या क्षारांचे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. फ्रेम छोटी, म्हणून पडद्यावर दाणा मोठा दिसतो. आणि प्रक्षेपणाचं यंत्र काटकसरी. मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हा त्याचा हिशेब. दाणा तर सेकंदाला चोवीस-पंचवीस वेळा बदलतो. यंत्राची सगळी ताकद दाणे मोजण्यात संपते आणि नटाच्या चेहऱ्यावर ठोकळे उमटतात.

इंजिनिअरांची अडचण खरी होती, हे मान्य. सुपर १६ चं चित्र ३५ इतकं रेखीव नसतं, हेही मान्य. पण नळ बारीक आहे म्हणून पाणी गढूळ ठरवणं हा काही इन्साफ नाही.

अमेरिकेत २०१० साली ‘द वॉकिंग डेड’ सुरू झाली, ती सुपर १६ वर. एचडीचा जमाना, तरी निर्मात्यांनी मुद्दाम हीच फिल्म निवडली. सडलेल्या चेहऱ्यांचा मेकअप फार रेखीव कॅमेऱ्यात रबर वाटतो. दाण्यात तो मांस वाटतो. त्याच वर्षी ‘द हर्ट लॉकर’नं ‘अवतार’ला मागे टाकून ऑस्कर घेतलं. इराकयुद्धाकडे अमेरिकी सैनिकाच्याच डोळ्यांनी बघणारा हा सिनेमा, त्याच्याशी माझं भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी. पण तोही सुपर १६ वरच चित्रित झाला होता आणि थिएटरच्या भल्यामोठ्या पडद्यावर चालला. ‘वॉकिंग डेड’नं पुढे फिल्म सोडली ती कोविडमुळे, सेटवर कमी हात लागावेत म्हणून. दाण्याची तक्रार तिथं नव्हती.

त्या मुलीचं पान माझ्या कपाटात आहे. शनिवारी तिच्या अब्बांना शाळेत बोलावलंय. त्यांना फाइल नाही, पान दाखवणार आहे.