थोडे पलटे, पुष्कळ गाणे

पलटे थोडे येतात म्हणून गाण्याचा नाद सोडणारे विद्यार्थी माधवगंजातही आढळतात. माझ्या मते हे योग्य नव्हे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. परंतु भूपात गंधारावर, देशकारात धैवतावर भर येतो आणि राग निराळा होतो. मग येत असलेला पलटाच निराळा का करू नये? तो कधी समेपासून, कधी त्रितालाच्या नवव्या मात्रेपासून उचलावा, दुगुनीत म्हणावा, मध्येच क्षणभर थांबून पाहावा. हद्दूखाँ-हस्सूखाँच्या या ग्वाल्हेरीत १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय उभे आहे. अशा नगरीतील मुलांनी नव्याच्या हव्यासापूर्वी हातचे धन ओळखावे; निराश होऊन पेटी मिटू नये.